मागून बसलेली धडक, आखडलेली मान आणि नुकसानभरपाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात जखमींच्या बाजूने मोटार अपघाताचे दावे चालवते. पाय मोडलेल्या माणसाला आपलं दुखणं फारसं समजावून सांगावं लागत नाही, त्याचं प्लास्टरच बोलतं. मान दुखावलेला माणूस मात्र बाहेरून धडधाकट दिसतो. घरचे म्हणतात, उशी बदलून बघ. ऑफिसात वाटतं, सुट्टीचं निमित्त आहे. विमा कंपनीचे वकील म्हणतात, हे तर वयाचं दुखणं. खालचे प्रश्न अशा माणसांकडूनच माझ्यापर्यंत आलेले आहेत. कायद्याची माहिती भारतात झालेल्या अपघातांपुरती आहे.

सिग्नलला उभा होतो, मागून टेम्पोने ठोकलं. साधं खरचटलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मान वळेना. हे अपघातामुळेच का?

बहुधा हो. आपलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं आणि मानेच्या सात मणक्यांवर ते तोललेलं असतं. मागून धडक बसली की सीट पाठीला पुढे ढकलते, पण डोकं क्षणभर जागच्या जागी राहतं. त्या क्षणी मानेचा खालचा भाग एका दिशेला वाकतो आणि वरचा उलट दिशेला. मग डोकं मागे फेकलं जातं आणि लगेच पुढे येतं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आत घडतं, त्यामुळे स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. चाबूक झटकल्यासारखा हा हिसका असतो, म्हणून डॉक्टर त्याला व्हिपलॅश म्हणतात. यात ताणले जातात ते स्नायू, मणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध आणि मणक्यांच्या मागच्या बाजूचे लहान सांधे.

सूज हळूहळू चढते. अपघाताच्या वेळी अंगात भीतीचा जोर असतो, त्यात दुखणं जाणवत नाही. रात्र उलटली की मान आखडते. काहींना तर दोन-तीन दिवसांनी त्रास सुरू होतो. बंपरला किती पोचा आला यावरून मानेला किती लागलं ते ठरत नाही, हेही लक्षात ठेवा.

कोणत्या लक्षणांत लगेच मोठ्या रुग्णालयात जायचं?

हाताला किंवा पायाला मुंग्या, बधिरपणा, पकड सैल होणं, चालताना तोल जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, गुंगी येणं. यातलं एकही असेल तर सकाळची वाट पाहू नका. वय ६५ च्या पुढे असेल, धडक जोराची असेल किंवा गाडी उलटली असेल, तर लक्षणं कमी असली तरी तपासून घ्या. उतारवयात साध्या हिसक्यानेही मणक्याला चीर जाऊ शकते.

अपघाताच्या जागी जखमीला गाडीतून ओढून बाहेर काढावं का?

आग लागण्याची किंवा मागून दुसरी गाडी येऊन आदळण्याची भीती नसेल तर काढू नका. डोकं आणि मान दोन्ही हातांनी आहे त्या स्थितीत स्थिर धरा, त्याला मान हलवू नका असं सांगत राहा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ ने अशा माणसाला संरक्षण दिलं आहे. नाव सांगायचं की नाही तेही त्याच्या मर्जीवर आहे.

मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची रोकडरहित उपचार योजना लागू आहे. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत होतात. दाखल करतानाच तिचं नाव घेऊन विचारा, कारण विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

एक्स-रे नॉर्मल आला. म्हणजे काही झालेलं नाही ना?

हाड मोडलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्स-रेत हाडं दिसतात. ताणलेला अस्थिबंध, मुरगळलेला सांधा किंवा दुखावलेला स्नायू त्यात दिसत नाही. हाडातली बारीक चीर शोधायला सीटी स्कॅन, तर दोन मणक्यांमधली चकती, नस आणि मज्जारज्जू पाहायला एमआरआय लागतो. प्रत्येकाला एमआरआय लागतोच असंही नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या.

कॅनडातल्या क्विबेक प्रांतात नेमलेल्या तज्ज्ञांनी १९९५ मध्ये या दुखापतींच्या पायऱ्या ठरवल्या आणि डॉक्टर अजून त्याच वापरतात. पहिल्या पायरीवर फक्त दुखणं आणि आखडलेपण. दुसऱ्या पायरीवर तपासताना सापडणारी खूण, म्हणजे मान कमी वळणं किंवा एखादी जागा दाबल्यावर दुखणं. तिसरीत नसांवर परिणाम, चौथीत हाड मोडणं किंवा सांधा निखळणं. तुमच्या डॉक्टरांनी मान किती अंश वळते, कुठे दुखते, हाताची ताकद किती आहे हे केस पेपरवर लिहिलं असेल तर तो पुरावा आहे. नुसतं 'मानदुखी' लिहिलं असेल तर त्याचा कोर्टात फारसा उपयोग होत नाही.

मानेचा पट्टा किती दिवस लावायचा? गावाकडे एक हाडवैद्य आहे, त्याच्याकडे जाऊ का?

वैद्यकीय सल्ला मी देत नाही, डॉक्टरांकडून वर्षानुवर्षं जे ऐकलं तेवढं सांगते. मणका मोडला नसेल तर पट्टा महिनोन्‌महिने लावून ठेवल्याने स्नायू आणखी ढिले पडतात. लवकर हालचाल सुरू करणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम आणि गरजेपुरती वेदनाशामक गोळी यावर हल्ली भर असतो. बरेच जण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात, काहींना मात्र त्रास वर्षभर किंवा त्याहून जास्त पुरतो. आणि तपासणी होण्याआधी कुणालाही मानेला झटका देऊ देऊ नका. आतमध्ये चीर असेल तर त्या एका झटक्याची किंमत आयुष्यभर मोजावी लागेल.

डॉक्टरांना नेमकं काय सांगायचं?

अख्ख्या दाव्याचा पाया इथे पडतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या एका पक्षकाराच्या पहिल्या केस पेपरवर 'मानदुखी, ४ दिवस' एवढेच शब्द होते. अपघाताचा उल्लेखच नव्हता. तो घाईत होता, दवाखान्यात गर्दी होती, डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात समोरच्या वकिलांनी तोच कागद त्याच्या हातात दिला आणि विचारलं, "यात अपघात कुठे आहे?" तो माणूस खरं बोलत होता. तरी उत्तर देताना त्याची जीभ चाचरली.

म्हणून पहिल्याच भेटीत सांगा: अपघात कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे झाला. तुम्ही कोणत्या सीटवर होता. सीट बेल्ट होता का. धडक मागून बसली की बाजूने. दुखणं किती तासांनी सुरू झालं, ते खांद्यात किंवा हातात उतरतं का, मुंग्या येतात का, डोकं दुखतं का, झोप लागते का. डॉक्टरांना विनंती करा की अपघाताची हकीकत केस पेपरवर लिहावी. लाजू नका, ही त्यांच्याही कामाची माहिती आहे. सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात गेलात तर एमएलसीची, म्हणजे पोलिसांशी संबंध येणाऱ्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद होते आणि पोलिसांना कळवलं जातं. त्या नोंदीला पुढे फार वजन असतं.

पूर्वी मान दुखायची? तेही सांगा. लपवलेला जुना कागद कधी ना कधी बाहेर येतोच, आणि मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

घरी एक साधी वही घाला. आज किती वेळ बसता आलं, कोणतं काम करता आलं नाही, कामाला किती दिवस खाडा झाला, रात्री कितीदा जाग आली. दोन ओळी पुरतात. फिजिओथेरपीच्या प्रत्येक बैठकीची तारखेसह पावती, औषधांची छापील बिलं, दवाखान्यात जाण्यायेण्याचा खर्च आणि ऑफिसकडून रजेचा दाखला हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. उपचार मध्येच सोडू नका. पैशांअभावी सोडावे लागले तर तसं डॉक्टरांच्या कागदावर लिहून घ्या, नाहीतर त्या रिकाम्या तीन महिन्यांचा अर्थ 'बरा झाला होता' असा लावला जातो.

आणि वाढवून सांगू नका. मान अजिबात हलत नाही असं शपथेवर सांगायचं आणि त्याच महिन्यात विसर्जन मिरवणुकीत ढोल वाजवतानाचा फोटो फेसबुकवर असायचा, असं झालं तर कोणताही वकील तुम्हाला वाचवू शकत नाही. चांगले दिवसही वहीत लिहा. कधी बरं, कधी वाईट, असंच हे दुखणं असतं.

जागेवरच दोन हजार रुपये देऊन 'मिटवून टाकू' म्हणाले. पोलिसांत गेलोच नाही. आता?

असंच सर्वाधिक घडतं, कारण त्या वेळी मान दुखत नसते. उशीर झाला तरी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत अपघात झाला तिथे तक्रार द्या. दूरच्या गावी असाल तर जवळच्या ठाण्यातही देता येते, ते ती वर्ग करतात. उशीर का झाला ते सरळ लिहा: दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू झालं, आधी उपचार घेतले. एफआयआरला उशीर झाला एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. या दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा लागत नाही. घटना अशीच घडली असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं पटवावं लागतं. तरी गाडीचा नंबर, फोटो, डॅशकॅमचं चित्रीकरण आणि साक्षीदाराचा फोन नंबर पहिल्याच दिवशी मिळाला तर पुढचं खूप सोपं होतं. दुकानांचे सीसीटीव्ही काही दिवसांत पुसले जातात.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताचे दावे जिथे चालतात तिथे, द्यायचा असतो. विमा कंपनीलाही तो मिळतो. घटनास्थळाचा पंचनामा, जबाब, जखमेचं प्रमाणपत्र, आरटीओचा वाहन तपासणी अहवाल या सगळ्याच्या प्रती मागून घ्या.

क्लेम कुठे टाकायचा आणि कुणावर?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली. अपघात जिथे झाला, तुम्ही जिथे राहता किंवा धंदा करता, किंवा समोरचा जिथे राहतो, यातलं कोणतंही ठिकाण तुम्ही निवडू शकता. द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ अपघात झाला आणि तुम्ही मडगावचे असाल तर गोव्यातच दावा दाखल करा, मावळात खेटे घालायची गरज नाही. दाव्यात समोरच्या गाडीचा मालक, चालक आणि विमा कंपनी यांना पक्षकार करतात. पैसे बहुतेक वेळा विमा कंपनी देते. चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं असं निघालं तरी अनेकदा न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मागून धडक म्हणजे चूक नेहमी मागच्याचीच ना?

बहुतेक वेळा. पुढच्या गाडीपासून पुरेसं अंतर ठेवणं मागच्याचं कर्तव्य आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असा एक निकाल दिला की महामार्गावर कोणताही इशारा न देता अचानक ब्रेक दाबणारा मोटारचालकही निष्काळजी ठरतो. त्या प्रकरणात त्याच्यावर निम्मी जबाबदारी टाकली गेली. म्हणजे महामार्गावर फोन आला म्हणून मधल्या लेनमध्ये थांबलात तर मागून धडक बसूनही तुमची भरपाई कापली जाऊ शकते. सीट बेल्ट लावला नव्हता हा मुद्दाही विमा कंपनी काढते. चूक अंशतः तुमची असेल तर तेवढा टक्का वजा होतो, दावा संपत नाही. चूक पूर्ण तुमचीच असेल तर मात्र समोरच्या गाडीच्या विम्यातून कलम १६६ खाली काही मिळत नाही. मालक-चालकाचं सक्तीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण हे मृत्यू आणि मोठ्या कायमच्या अपंगत्वासाठी असतं. लचकलेली मान त्यात बसत नाही.

पुण्यात नवले पुलावर होतात तशा साखळी अपघातांत चार-पाच गाड्या एकमेकींवर आदळतात. कुणाची चूक किती, याचा हिशेब प्रवाशाने करायचा नसतो. दोन वाहनांची मिळून चूक असेल तर जखमी प्रवासी पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो, हे २०१५ पासून स्पष्ट आहे.

मी मित्राच्या गाडीत मागे बसले होते. त्याच्यावर दावा कसा टाकू?

संकोच समजतो. पण दावा खरं तर त्याच्या विमा कंपनीवर असतो. दुसऱ्या गाडीने ठोकलं असेल तर त्या गाडीच्या विम्यातून मागा, मित्राचा प्रश्नच येत नाही. चूक मित्राची असेल तर त्याची पॉलिसी पाहा. पूर्ण, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर गाडीत बसलेल्यांना संरक्षण असतं. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर खासगी मोटारीतला फुकट प्रवासी तिच्यात येत नाही. रिक्षा, टॅक्सीत बसलेल्या प्रवाशाला सक्तीच्या विम्याचं संरक्षण आहे. एसटीत असाल तर दावा थेट महामंडळावर होतो.

ठोकून गाडी पळून गेली, नंबर नाही.

जबर दुखापत (जसं हाड मोडणं) असेल तर सरकारी योजनेतून ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ च्या आधी हीच रक्कम साडेबारा हजार होती. अर्ज महसूल खात्याकडे, प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा. पुढे गाडी सापडली आणि भरपाई मिळाली तर हे पैसे त्यातून वळते होतात.

विमा कंपनी म्हणते, तुमच्या एमआरआयमध्ये स्पॉन्डिलोसिस (मणक्यांची झीज) आहे, अपघाताचा काही संबंध नाही.

मानेच्या जवळजवळ प्रत्येक दाव्यात हे उत्तर येतं. चाळिशी ओलांडलेल्या, मान कधीही न दुखलेल्या माणसांचा एमआरआय काढला तरी अनेकांत चकती थोडी फुगलेली, मणक्यांच्या कडा झिजलेल्या दिसतात. वयानुसार केस पिकावेत तसं ते असतं. म्हणजे नुसत्या अहवालावरून तुमचं दुखणं अपघाताचं आहे हे सिद्ध होत नाही, आणि नाही हेही सिद्ध होत नाही.

खरा प्रश्न असा की अपघाताच्या आदल्या दिवशी तुम्ही काय काय करत होता आणि महिन्याभरानंतर काय करू शकत नव्हता. आदल्या वर्षीचं हजेरीपत्रक, ज्यात मानेसाठी एकही रजा नाही. रोज स्कूटरवरून भोसरीला जाणं. लेथवर आठ तास उभं राहणं. नेहमीच्या डॉक्टरांचे जुने कागद, ज्यात मानेचा उल्लेखच नाही. हे पुरावे एमआरआयच्या फिल्मइतकेच महत्त्वाचे आहेत. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी साक्षीत सांगायला हवं की झीज जुनी असेल, पण ती गप्प होती, धडकेने दुखणं जागं केलं. जुनी झीज असणं हा काही गुन्हा नाही. अपघातामुळे जेवढा त्रास वाढला त्याची भरपाई मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. माझा आग्रह असतो की डॉक्टरांना साक्षीला बोलवायचंच. अपंगत्व किती टक्के हे सांगणारा प्रमाणपत्राचा कागद नुसता फाइलला जोडला, पण तो देणारा डॉक्टर उलटतपासाला उभाच राहिला नाही, तर त्या टक्क्यांना अर्थ उरत नाही.

किती पैसे मिळतील?

पहिल्या भेटीतच आकडा सांगणाऱ्या वकिलापासून सावध राहा. रक्कम कशी ठरते ते मात्र सांगता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या ऑक्टोबरमध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात जखमींच्या भरपाईची शीर्षकं घालून दिली: उपचार, औषधं, प्रवास, पोषक आहार, उपचारांच्या काळात बुडालेली कमाई, कायमचं अपंगत्व आलं तर पुढच्या कमाईतली घट, पुढचा उपचारखर्च, वेदना आणि यातना, जगण्यातल्या आनंदाची हानी.

मानेची साधी लचक तीन महिन्यांत बरी झाली तर भरपाई खर्च, बुडालेला पगार आणि वेदनेची माफक रक्कम एवढीच असते. कायमचा दोष राहिला तर गणित बदलतं. त्याच निकालातला सगळ्यात मोलाचा मुद्दा हा की शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या अपंगत्वाने कमावण्याची ताकद किती टक्के घटली ते पाहायचं.

मनाशी एक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांचा माणूस, स्वतःची कॅब चालवतो, महिना २५ हजार सुटतात. मान पूर्ण वळत नाही, सलग दोन तासांवर गाडी चालवता येत नाही. न्यायाधिकरणाने कमाईची घट १५ टक्के धरली. वर्षाचे ३ लाख. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारी माणसासाठी भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ४ लाख २० हजार. त्याचे १५ टक्के म्हणजे ६३ हजार. वर्षाच्या घटीला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात; ३६ ते ४० वयासाठी तो १५, म्हणून ९ लाख ४५ हजार. बाकीची शीर्षकं आणि अर्ज दाखल केल्यापासूनचं व्याज वेगळं. तेवढाच पगार असलेल्या कारकुनाची नोकरी आणि पगार तसाच राहिला, तर कमाईच्या घटीखाली त्याला काहीच मिळणार नाही असंही होऊ शकतं. त्याची भरपाई मुख्यतः वेदना आणि आनंदाची हानी यांतून येईल. म्हणून तुमचं रोजचं काम नेमकं काय आहे आणि मान त्यात कुठे आडवी येते, हे दाव्यात उलगडून लिहा.

इंटरनेटवर मानेच्या दुखापतीसाठी ठरलेल्या रकमांचा तक्ता दिसतो.

तो इंग्लंड आणि वेल्सचा. तिथे ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅश किती महिने टिकला यावरून वेदनेची रक्कम ठरते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना तो लागू होईल. आपल्याकडे मानेसाठी असा तक्ता नाही, प्रत्येक प्रकरण स्वतंत्र पाहिलं जातं.

चूक सिद्ध न करता अडीच लाख मिळतात म्हणे?

कलम १६४ खाली, जबर दुखापत असेल तर. मणक्याचं हाड मोडणं किंवा सांधा निखळणं त्यात नक्की येतं. पण इथे एक धोका आहे. विमा कंपनीने देऊ केलेले हे पैसे त्या कलमाखाली स्वीकारलेत की कलम १६६ चा दावा संपतो. वरच्या उदाहरणातल्या कॅबवाल्याचं त्यात किती नुकसान होईल ते पाहा. डॉक्टरांचं शेवटचं मत येईपर्यंत सही करू नका.

मी घरीच असते, पगार नाही. मला कसली भरपाई?

घरकामाची किंमत धरून तुमचं उत्पन्न ठरवलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये हे ठामपणे सांगितलं. पाण्याची कळशी उचलणं, पोळ्या लाटणं, पोरांना कडेवर घेणं, सासूबाईंना उठवून बसवणं, यातलं काय थांबलं आणि त्यासाठी कुणाला पगार द्यावा लागला ते लिहा. बायका हे सांगायला फार कचरतात. कृपा करून सांगा.

मेडिक्लेमने बिल भरलं. ते पुन्हा मागता येईल?

हो. मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा करायचे नाहीत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये दिला. तुम्ही हप्ते भरून ते संरक्षण विकत घेतलेलं असतं. मूळ बिलं मेडिक्लेमकडे जातात, म्हणून आधी झेरॉक्स काढून त्यावर रुग्णालयाचा शिक्का घ्या.

रुग्णालयात एक माणूस भेटला. म्हणाला, खर्च सगळा आमचा, मिळेल त्यातले तीस टक्के द्या.

नको. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला मना आहे. खाटेपाशी येऊन कोऱ्या वकालतनाम्यावर सह्या घेणाऱ्या दलालांनी दुखावलेली किती माणसं मी पाहिली आहेत! फी किती, केव्हा आणि कशासाठी द्यायची ते लेखी ठरवा. पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो.

लोकअदालतीत तडजोड करावी का?

उपचार संपले असतील आणि रक्कम रास्त असेल तर जरूर. वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. न्यायाधिकरणाच्या निकालावर मात्र ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं.

अपघाताला दहा महिने झाले. मुदत गेली का?

१ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या न्यायालयाने अंतरिम आदेश दिला की केवळ या मुदतीवरून दावे फेटाळू नयेत. म्हणून दहा महिने झाले असले तरी हातपाय गाळू नका, या आठवड्यात वकिलाला भेटा. ज्यांचे सहा महिने व्हायचे आहेत त्यांनी मात्र त्या आदेशाच्या भरवशावर राहू नये.

निकाल लागल्यावर दोन वर्षांनी दुखणं वाढलं, ऑपरेशन करावं लागलं, तर पुन्हा मागता येईल?

सहसा नाही. भरपाई एकदाच ठरते, आणि पुढच्या आयुष्यात काय होऊ शकतं याचा अंदाज त्याच वेळी मांडावा लागतो. म्हणून साक्षीच्या वेळी डॉक्टरांना विचारायला लावा: चकतीचं ऑपरेशन लागण्याची शक्यता किती, आजच्या दराने खर्च किती, फिजिओथेरपी किती वर्षं चालेल. त्यांचं उत्तर नोंदीत आलं तर 'पुढील उपचार' या शीर्षकाखाली रक्कम मागता येते. हा प्रश्न विचारायचा राहून गेला, तर तो खर्च तुमच्याच खिशातून होतो.